टाकीचा पंप आणि झाकणामागचा कागद

गोष्ट आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचं 'स्मार्ट' यंत्र बसवलं होतं. टाकी भरली की पंप आपोआप बंद, मोबाईलवर निरोप. झकास चाललं होतं. मग कंपनीने अ‍ॅपच बंद केलं आणि यंत्र मुकं झालं! उघडावं तर आत सगळं राळेत बुजवलेलं. इलेक्ट्रिशियनने हात टेकले.

ही रड आमचीच नाही. अमेरिकेत घरातले दिवेबिवे चालवणारा रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा डबा होता. गुगलने घेतलेल्या नेस्टने २०१४ साली ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. डबे धडधाकट, पण निकामी.

शेवटी भाचा म्हणाला, "मामा, आपणच करू." त्याने ईएसपी८२६६ चिपचा बोर्ड आणला. रिले वेगळी, पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय वेगळा, टाकीतला तरंगता स्विच वेगळा. सगळं स्क्रूने जोडलेलं. ईएसपीहोम हा फुकट, खुला प्रोग्रॅम त्या चिपमध्येच बसतो, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी पंप थांबतो. सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते, म्हणून रिलेने कॉन्टॅक्टर चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने पंप. २३० व्होल्टचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच. तिथे हौस नको.

पूर्ण नकाशा मी मराठीत लिहून डब्याच्या झाकणामागे चिकटवला. (फळ्यावर लिहायची सवय, अक्षर अजून बरं आहे!) गेल्या पावसाळ्यात पॉवर सप्लाय जळला. भाचा गावात नव्हता. त्याच इलेक्ट्रिशियनने कागद वाचला, तेवढाच तुकडा बदलला, चहा घेतला आणि गेला.

२००५ साली इटलीतल्या इव्हरियात आर्डुइनो तयार झाला तो विद्यार्थ्यांसाठी, आणि त्याचे नकाशे सर्वांना खुले ठेवले गेले. मला वाटतं, घराच्या भिंतीत बसणाऱ्या प्रत्येक यंत्राला हाच नियम हवा. कंपनीला सेवा बंद करायचीय? खुशाल करा, पण नकाशा आणि प्रोग्रॅम त्याच दिवशी लोकांना द्या.

कुणी म्हणेल, घरच्या डब्यावर तपासणीचा शिक्का कुठे आहे? खरंय, नाही. म्हणूनच सौ.ने पंपाचं जुनं बटण काढू दिलेलं नाही. मी नको म्हणत होतो, भिंत विद्रूप दिसते म्हणून. पॉवर सप्लाय जळला त्या सकाळी पाणी त्याच बटणाने चढवलं. तिनेच.