कुलपाच्या भरवशावर सोडलेली उपनगरे

दिवाळीची सुटी जवळ आली की पोलिसांकडून नागरिकांना आवाहन केले जाते. बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना कल्पना द्या, दागिने आणि रोकड घरात ठेवू नका, दाराला मजबूत कुलूप लावा, कॅमेरे बसवा, जमल्यास वसाहतीत रखवालदार नेमा. उन्हाळ्याच्या सुटीत हेच आवाहन पुन्हा होते. त्यातील एकही सूचना चुकीची नाही. मात्र ती यादी लक्षपूर्वक वाचली तर करावयाचे सर्व काही नागरिकानेच करावयाचे आहे, हे ध्यानात येते. रात्री दोन ते चार या वेळात कोणत्या वसाहतीत गस्त किती वेळा येईल आणि ती आली नाही तर जाब कोणाला विचारायचा, याविषयी त्यात सहसा अक्षर नसते. कर भरणाऱ्या कुटुंबाने आपल्या घराचा पहारेकरीही आपणच व्हावे आणि घर फुटल्यावर ‘तुम्ही काळजी घ्यायला हवी होती’ हा उपदेशही मुकाट्याने ऐकावा, अशी ही रीत पडून गेली आहे.

नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील दोन शहरांत तिचे फळ स्पष्ट दिसते. २००१ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३० हजार होती. २०११ मध्ये ती साडेपाच लाखांवर गेली. लातूर त्याच दशकात तीन लाखांवरून चार लाखांच्या घरात पोहोचले. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, शहरे मात्र थांबली नाहीत. नांदेडचा जुना गाभा गोदावरीच्या उत्तर काठावर, वजिराबाद-इतवाऱ्याच्या आसपास. नदीपलीकडे सिडको-हडकोचे नवे नांदेड वसले आणि तरोडा, सांगवी, असर्जन, कौठा या एकेकाळच्या खेड्यांच्या शिवारांत घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. लातूरमध्ये औसा रस्ता, अंबाजोगाई रस्ता, बार्शी रस्ता यांच्या दुतर्फा तेच घडले. निवृत्तीच्या पैशातून बांधलेले शिक्षकाचे घर, बँकेच्या कर्जावर उभा राहिलेला कारकुनाचा दुमजली संसार, आणि दोन घरांच्या मध्ये बाभळी वाढलेले चार रिकामे भूखंड, असे या वसाहतींचे रूप आहे. चोराला याहून सोयीची रचना कोणी मुद्दाम आखूनही दिली नसती.

हीच जमीन गावाची होती तेव्हा तेथे व्यवस्था होती. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमान्वये गावाला पोलीस पाटील असतो; गावात नवखा माणूस आला तर त्याची खबर ठेवणे हे त्याचे काम. शेतीची अकृषिक झाली, भूखंड पडले, शिवार महापालिकेत गेले आणि पोलीस पाटलाची नजर त्यावरून उठली. तिच्या जागी काय आले? रेखांकन मंजूर करताना रस्त्याची रुंदी मोजली जाते, खुली जागा सोडवून घेतली जाते, गटारीची दिशा पाहिली जाते. येथे पाचशे कुटुंबे राहावयास येणार, तर पोलीस चौकी कोठे असेल, हा प्रश्न त्या टेबलावर क्वचितच येतो. वास्तविक १९६६ च्या नगररचना अधिनियमात शासकीय इमारतींसाठी जागा राखून ठेवण्याची सोय आहे. सोय आहे, पण मागणारा नाही. नगरसेवक सिमेंटच्या रस्त्यासाठी भांडतो, कारण रस्त्यावर त्याच्या नावाचा फलक लावता येतो; टळलेल्या घरफोडीवर फलक लावता येत नाही.

घरे कुलूपबंद का असतात, याचाही विचार व्हावयास हवा. ‘लातूर पॅटर्न’ने या भागाच्या जीवनक्रमात मोठा बदल केला. मुलगा किंवा मुलगी अकरावीला आली की आई तिला घेऊन लातूरला किंवा नांदेडला खोली करून राहते. वडील नोकरीच्या गावी, आजी-आजोबा शेतावर. म्हणजे एका कुटुंबाची दोन-तीन घरे होतात आणि दिवसाचा बराच काळ त्यांतील एखाद्या घराला कुलूप असते. ही काही चैन नव्हे. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारी ही माणसे आहेत, आणि सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर मुलीच्या लग्नासाठी तोळा-दोन तोळे करणारीही तीच आहेत. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखापलीकडे गेला. पाच तोळ्यांची चोरी म्हणजे आज शिपाई-कारकुनाच्या घरातील काही वर्षांची बचत गेली. तिला ‘किरकोळ गुन्हा’ म्हणणाऱ्याने एकदा त्या घरातील उचकटलेल्या कपाटासमोर उभे राहून पाहावे.

कायदा तिला किरकोळ मानत नाही. सूर्यास्तानंतर चोरीच्या उद्देशाने घर फोडणाऱ्यास चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद जुन्या दंडसंहितेच्या ४५७ व्या कलमात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३१ व्या कलमातही ती आहे. पण चौदा वर्षांच्या शिक्षेने चोराला धाक बसण्यासाठी आधी चोर सापडावा लागतो. न सापडल्यास आपल्याकडे ‘अ समरी’ नावाचा एक शांत रस्ता आहे: गुन्हा खरा, आरोपी मिळत नाही, सबब कागद बंद. पुष्कळ फिर्यादींची कथा त्या कागदावर संपते.

पोलीस शिपायाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. देशपातळीवर १ जानेवारी २०२२ रोजी दर लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे १९६ होते आणि प्रत्यक्षात सुमारे १५३. जे आहेत त्यांच्याही वाट्याला काय येते? गणेश विसर्जन, दसरा, होळीचा हल्लाबोल, माळेगावची यात्रा, लातूरची सिद्धेश्वर यात्रा, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे, मोर्चे. उत्सव आपलेच आहेत आणि त्यांना बंदोबस्त हवाच. परंतु दर वेळी तो बंदोबस्त उपनगरातील रात्रीच्या गस्तीतूनच कापून का दिला जावा? मंत्रिमहोदयांच्या ताफ्यातील एक गाडी कमी झाली म्हणून कोणाचे घर फुटल्याचे ऐकिवात नाही. होमगार्डचे दल कशासाठी आहे, हाही प्रश्न या संदर्भात विचारण्याजोगा आहे.

यावरचा उपाय सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सांगून ठेवला आहे. गुन्ह्यांचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगवेगळ्या पोलिसांकडे द्यावीत, म्हणजे मोर्चा निघाला तरी तपास थांबणार नाही, असा तो आदेश. आरंभ दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून करावा आणि पुढे हळूहळू लहान शहरांत यावे, असे त्यात म्हटले होते. नांदेड आणि लातूर त्या ‘हळूहळू’मध्ये बसतात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, बदल्यांची मंडळे स्थापन झाली. पण हळूहळू म्हणजे किती वर्षे, याचे उत्तर दोन्ही शहरांतील कोणत्याही लोकप्रतिनिधीला विचारून पाहावे.

तपासाला मनुष्यबळ नसले आणि वरून दबाव आला की काय होते, तेही सांगितले पाहिजे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. गावाबाहेरच्या पालावरून एखाद्या पारध्याला उचलून आणायचे आणि ‘संशयित ताब्यात’ अशी बातमी द्यायची. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ठाण्यातील मनातून तो गेलेला नाही, आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यातूनही गेलेला नाही. लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच समाजातील मुलांसाठी शाळा व वसतिगृह उभे केले. तेथील मुले शिकून मोठी होत असताना त्यांच्या बापांना केवळ जातीमुळे कोठडीत बसवणे हा आपल्याच बांधवांवरचा अन्याय आहे. शिवाय त्याने खरा चोर निर्धास्त होतो, हा व्यवहारही लक्षात घ्यावा. नांदेडची सीमा तेलंगणाला आणि कर्नाटकाला भिडलेली. रात्री घर फोडून पहाटे देगलूर किंवा उदगीरमार्गे राज्याबाहेर पडणाऱ्याला पकडायचे तर बोटांचे ठसे, वाहनांच्या नोंदी आणि बिदर-निजामाबादच्या पोलिसांशी रोजचा संपर्क लागतो.

नागरिकांच्या हाती काही शस्त्रे नव्याने आली आहेत, ती मात्र म्यानातच आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती देता येते. तीन दिवसांत स्वाक्षरी केली की ती नोंदवून घेतली जाते. हद्दीचा वाद घालून फिर्यादीला परत पाठवता येत नाही. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे १९३ व्या कलमाने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. सापडलेले दागिने वर्षानुवर्षे मालखान्यात पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच बजावले होते. आता छायाचित्रे घेऊन मुदतीत निर्णय करण्याची तरतूद संहितेतच आहे. ‘कशाला पोलिसांचे लचांड’ म्हणून फिर्यादच न देणारा सुशिक्षित गृहस्थ मात्र कागदावर आपली वसाहत सुरक्षित ठरवतो, आणि सुरक्षित वसाहतीला जादा गस्त कोण देणार?

तरोड्यापासून औसा रस्त्यापर्यंत प्रत्येक वसाहतीत गणेश मंडळ आहे, महिलांचे भजनी मंडळ आहे, सकाळी फिरावयास जाणाऱ्या ज्येष्ठांचा कट्टा आहे. ढोलताशाची वर्गणी जमवणाऱ्या या मंडळींनी वर्षातून एकदा ठाण्याच्या निरीक्षकाला बोलावून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: आपल्या भागाच्या बीट अंमलदाराचे नाव व क्रमांक, रात्रीच्या गस्तीची वेळ आणि सही करावयाची जागा, आणि गेल्या वर्षभरातील घरफोड्यांपैकी किती उघडकीस आल्या, किती ‘अ समरी’त गेल्या त्याचा हिशेब. हिशेब मिळाला नाही तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. अर्जाचे शुल्क दहा रुपये.