बुडालेल्या गावाचा मिनार

इराकचे नाव निघाले की आपल्या घरांत बगदाद, बसरा, कूफा, करबला यांच्याबद्दल बोलणे होते. फुरात नदीच्या वरच्या अंगाला, सीरियाच्या वाटेवर असलेले आना हे गाव मात्र कुणाला आठवत नाही. (आपल्या जुन्या आण्याशी या नावाचा काही संबंध नाही!) सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर त्याचे नाव 'हनात' असे येते.

गावाची ठेवणच वेगळी होती. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला नदी. त्यामुळे सगळे गाव म्हणजे काठाने मैलोन् मैल गेलेला एकच रस्ता, आणि घराघरांच्या मध्ये खजुराच्या व फळझाडांच्या बागा. बागांना पाणी द्यायला नाऊरा, म्हणजे मोठा लाकडी रहाट. आपल्याकडे रहाटाला बैल जुंपतात. नाऊरा नदीचा प्रवाहच फिरवतो. चाकाच्या कडेला बांधलेली मडकी भरून वर येतात आणि पाटात रिती होतात.

इ. स. 363 मध्ये रोमचा बादशहा ज्युलियन इराणच्या सासानी राज्यावर चालून निघाला, तेव्हा गाव शरण आले. त्याने ते जाळले आणि माणसांना सीरियात नेऊन वसवले. त्यांच्यात शंभरीला टेकलेला एक रोमन शिपाई होता. तरुणपणी आजारी पडला म्हणून लष्कराने त्याला तिथेच सोडले होते. तिथेच त्याने निकाह केले, मुलेबाळे झाली; पण दफन रोमन मातीत व्हावे, ही आस सुटली नव्हती.

गाव पुन्हा वसले. इस्लामी काळात नदीतल्या बेटावर मशीद झाली. तिचा अष्टकोनी मिनार, प्रत्येक बाजूवर कोनाड्यांच्या रांगा, ही गावाची ओळख बनली.

1980 च्या दशकात खाली हदीसा धरण झाले आणि जुने आना जलाशयात गेले. पुरातत्त्व खात्याने मिनाराचे भाग कापून नव्या वसाहतीत पुन्हा जोडले. काम कौतुकाचेच. पण मिनार कापून नेता येतो. जुन्या बागा आणि तो रस्ता कसा नेणार?

2006 मध्ये तो मिनार स्फोटाने पाडला गेला. लोकांनी पुन्हा बांधला. मग दाइशवाले आले आणि त्यांनी पाडला. इस्लामचे नाव घेऊन अजानचा मिनार पाडणाऱ्यांना काय म्हणावे, तुम्हीच सांगा. ते गेल्यावर मिनार पुन्हा उभा राहिला. जुन्या बेटावर मात्र आता पाणीच आहे.