त्रिपुरीची पत्रे आणि सह्यांचे सौदागर

जबलपूरची सिव्हिल लाइन्स ही इंग्रज अंमलदारांसाठी वसवलेली बंगल्यांची वस्ती. तेथून काही मैलांवर, मार्च 1939 मध्ये, त्रिपुरी काँग्रेस भरली. 1,580 विरुद्ध 1,377 मतांनी अध्यक्ष झालेल्या सुभाषचंद्र बोस यांचे हात तेथे पंत ठरावाने बांधले गेले: कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसारच नेमावी! पुढील लढाई पत्रांतून झाली. आजारी बोस यांनी 28 मार्चला जवाहरलाल नेहरूंना 27 टंकलिखित पानांचे पत्र धाडले. 29 एप्रिलला अध्यक्षपद सोडले.

समजा, हे पत्र सिव्हिल लाइन्समधील एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात पोहोचले असते. चौकटीत कोणते पान लागले असते? अर्थातच शेवटचे, सहीचे! ज्यांत वाद आहे, आरोप आहेत, काँग्रेसमधील अंतर्गत संघर्षाचा जिवंत पुरावा आहे, ती उरलेली 26 पाने कपाटात कुजली असती. भांडवली बाजारात भाव सहीला येतो, मजकुराला नव्हे. नेहरूंनी 1958 साली आपल्याकडील जुन्या पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि स्वतःवरच तुटून पडणारे हे पत्र त्यात छापले, म्हणून आज ते कोणाही विद्यार्थ्याला वाचता येते.

सहीची किंमत गांधीजीही जाणून होते. ते सहीचे 5 रुपये घेत. मात्र तो पैसा हरिजन निधीत जाई. आजचे लिलाववाले कोणत्या निधीत भर घालतात? गांधीजी आणि हर्मन कॅलनबाख यांच्या स्नेहाची कागदपत्रे 2012 मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावातून सोडवण्यासाठी भारत सरकारला सुमारे 7 लाख पौंड मोजावे लागले. जनतेचा वारसा जनतेनेच पैसे टाकून सोडवायचा, हा कुठला न्याय?

1972 चा पुरावशेष व कलानिधी कायदा ऐतिहासिक मोलाची, किमान 75 वर्षे जुनी हस्तलिखिते व दस्तऐवज पुरावशेष मानतो. खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. पण मालकाने देशातच ते कुलपात ठेवले, तर अभ्यासकाला ते वाचण्याचा हक्क हा कायदा देत नाही. खरी मिरासदारी येथे आहे. अनेक संग्राहक वाळवीपासून, रद्दीवाल्यापासून कागद वाचवतात, हे मान्यच केले पाहिजे. कागद खुशाल त्यांच्या घरी राहो. त्याची नक्कल मात्र राष्ट्रीय अभिलेखागारात दाखल करणे सरकारने सक्तीचे करावे, आणि तीही पहिल्या पानापासून सहीच्या पानापर्यंत.