जीपच्या कपाळावरचे दिवे

हौसेला मोल नसते म्हणतात. पण आमच्या बेळगावात सध्या जीपवाल्यांची हौस वॉटमध्ये मोजली जाते. नवी थार असो, आजोबांच्या वेळची विलीज असो की शेतावरची बोलेरो, टपावर एलईडीची लांबलचक पट्टी आणि बंपरवर दोन-चार चौकोनी दिवे एवढा साज चढल्याखेरीज मालकाला गाडी आपली वाटत नाही. या हौसेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. सुट्टीत मी मामांच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हातभार लावतो आणि असे कितीतरी दिवे स्वतःच्या हाताने बसवले आहेत. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहायला हरकत नसावी.

ज्याला खरोखर रानवाटेने जायचे आहे त्याला जादा दिवा हवाच. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तिन्हीसांजेला एखादी गाडीवाट धरून पाहा. चाकोऱ्या पाण्याने भरलेल्या, कुठे झाड आडवे पडलेले. कंपनीने दिलेला हेडलाईट सपाट डांबरी रस्त्यासाठी आखलेला असतो. चढावर तो आभाळ दाखवतो, उतारावर चाकापुढची दोन हात माती, आणि वळणावर समोरची झाडी. वाट मात्र बाजूला अंधारात राहते. अशा ठिकाणी बंपरवरचा रुंद झोताचा दिवा डोळ्यांइतकाच कामाचा. वेग ताशी दहा किलोमीटर असताना फर्लांगभर पुढचे दिसून काय करायचे? दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत.

पण गिऱ्हाईक रुंदी मागत नाही, लांबी मागते. सहा दिवे लावले की सहापट लांब दिसेल अशी त्याची भाबडी समजूत असते. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहिलेला व्यस्त वर्गाचा नियम इथे आडवा येतो. अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश पावपट होतो. म्हणजे दुप्पट लांबचे तितकेच स्पष्ट दिसायला चौपट उजेड हवा. सहा सारखे दिवे एकाच दिशेने रोखले तरी पल्ला अडीचपटीच्या आतच राहतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड मात्र पुरेपूर सहापट.

धुक्याचे तर विचारूच नका. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात टपावरची पट्टी पेटवली की समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा डोळ्यांच्या जवळ असल्यामुळे धुक्याच्या थेंबांवरून परतणारा प्रकाश सरळ चालकाकडेच येतो. शिवाय बॉनेट चमकते ते वेगळेच. धुक्याचा दिवा खाली हवा, त्याचा झोत रुंद आणि वरून कापल्यासारखा सपाट हवा. पिवळा प्रकाश धुके भेदतो हेही तितकेसे खरे नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच मोठे असल्याने सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्यांना कमी बोचतो, एवढेच. (पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच दिवा असतो, वर पिवळ्या स्फुरकाचा थर. त्या निळ्या दिव्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळाले.)

आता जोडणीकडे वळतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. शंभर वॉटचे दोन हॅलोजन बारा व्होल्टवर जवळजवळ सतरा अँपिअर ओढत, म्हणून रिले नसला तर बटण वितळे. एलईडी तितकाच उजेड पुष्कळ कमी विजेत देतो. तेव्हा आता रिलेची गरज काय, असे लोक म्हणू लागले. पण २४० वॉटची पट्टी घेतलीत तर पुन्हा वीस अँपिअर झालेच की! फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण दोहोंच्या मधल्या वायरीला कुणी वाली नसतो. पत्र्यातून वायर नेताना रबरी बूच हवे आणि अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडलेला हवा. हे सगळे करायला फार तर तासभर जास्त लागतो.

रिलेला चार पाय असतात: ३०, ८७, ८५ आणि ८६. पहिल्या दोन पायांतून दिव्याचा प्रवाह जातो, उरलेल्या दोन पायांतून रिलेला हुकूम मिळतो. हा हुकूम कुठून घ्यायचा, यावरून आमच्या दुकानात रोज वाद होतो. मामा तो अप्परच्या वायरीवरून घेतात आणि मध्ये वेगळे बटण ठेवतात. डिप्पर मारला की हेडलाईटबरोबर हे दिवेही आपोआप विझतात. गिऱ्हाईकाला नेमके हेच नको असते. "मेस्त्री, बटण दाबलं की पेटायलाच पाहिजेत. समोरचा डिप्पर देत नाही, मग मीच का देऊ?" मामा म्हणतात, "साहेब, दोघंबी आंधळे झाल्यावर रस्ता कुणी बघायचा?" गिऱ्हाईक हसते आणि पुढच्या दुकानात जाते. तिथे काम होते.

मला विचाराल तर मामांचे बरोबर आहे, धंदा बुडाला तरी. ताशी साठच्या वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. डोळे दिपल्यावर सावरायला चार सेकंद लागले असे धरा. तेवढ्यात तो मनुष्य पासष्ट मीटर आंधळा गेला. आणि उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर त्या पासष्ट मीटरांत काय काय असते, हे बेळगावकरांना सांगायला नको: मागे लाल दिवा नसलेली उसाची बैलगाडी, किटल्या लटकावलेला दूधवाला, फडावरून परतणारी बायामाणसे. जीपमध्ये बसलेल्याला यातले काही भोगावे लागत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी १०६ वा नियम सांगतो की पुढचा झोत कायम खाली वळवलेला हवा; आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. १११ व्या नियमाने नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून गाडीच्या पुढे स्पॉटलाईट वा सर्चलाईट बसवायलाच मनाई आहे. दुकानात हे नियम वाचून दाखवावेत तर लोक "कोण विचारतंय?" म्हणतात. खरेच कुणी विचारत नाही.

रानाचीही एक बाजू आहे. खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. तिथल्या रस्त्यावर झगझगीत झोत अंगावर आला की गवा किंवा भेकर पळत नाही, जागच्या जागी थिजते. मग कुणी फोटो काढतो, कुणी धडकतो.

"दिव्याखाली अंधार" ही म्हण मराठीत आहे, तशी कानडीतही आहे. या अंकाच्या दोन्ही विभागांचे वाचक ती जाणतात. जीपचा अंधार दिव्याच्या पुढे पडतो. डांबरी रस्त्यावर हे दिवे झाकूनच ठेवावेत, रानवाट लागली की उघडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी काळी प्लॅस्टिकची झाकणे मिळतात आणि बसवायला अर्धा मिनिटही लागत नाही. पुष्कळशा दिव्यांच्या खोक्यात ती फुकटच येतात. आमच्या दुकानाच्या फळीवर अशा झाकणांचा ढीग पडला आहे. गिऱ्हाईके दिवे घेऊन जातात, झाकणे ठेवून जातात.