घरबसल्या काम, पण डोळे उघडे ठेवून

बी.कॉम. होऊन, टॅली शिकून घरी बसलेली मुले-मुली अमरावती-अकोल्यात आम्ही रोज पाहतो. आता इंटरनेटवरून परगावचे काम घरी करता येते : हिशेब, मराठी टायपिंग, भाषांतर. पालक आम्हाला विचारतात, "हे काम खरे असते का?" काम खरे असते, त्याच्या नावाने लुबाडणारेही खरेच असतात.

म्हणून पहिली गोष्ट : काम देतो म्हणून आधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. फसगत झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. दुसरी : आपल्या कामाचे दोन-तीन चोख नमुने तयार ठेवा. तिसरी : किती काम, किती दिवस, किती पैसे, हे आधी लेखी घ्या. सरकारची उद्यम नोंदणी मोफत आहे. तिथे दलाल नको.

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला होता. जात कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. विद्या तीच होती! आज दूरचे गिऱ्हाईक बहुधा आधी काम पाहते. ही संधी दवडू नका. दिलेल्या दिवशी काम चोख द्या, म्हणजे तेच गिऱ्हाईक पुन्हा येईल.

आणि मायबापहो, कॉम्प्युटरसमोर बसलेल्या लेकीला रिकामी समजून पाण्याला पाठवू नका. ती कामावर आहे.