यकृताचा आकडा वाढतो तेव्हा

रक्ततपासणीचा कागद हाती पडला की आपली दृष्टी प्रथम आकड्यांकडे धावते. एसजीपीटी ४०च्या आसपास असावयास हवे, आणि येथे तर ११०! मग घरात एकच गडबड उडते. कोणी स्वयंपाकातून हळद व तेल हद्दपार करतो, कोणी उसाच्या रसाचा पेला पुढे करतो, तर कोणी हातावर चुन्याचे पाणी ओतून कावीळ 'उतरवणाऱ्या'चा पत्ता आणून देतो. जुनाट यकृतदाहाच्या, म्हणजे हिपॅटायटिसच्या, रोग्याने अशा वेळी प्रथम हा आकडा काय सांगतो ते समजून घ्यावे.

एसजीपीटी व एसजीओटी ही यकृताच्या पेशींतील विकरे होत. पेशींना इजा झाली की ती रक्तात पाझरतात. एसजीओटी स्नायूंतही असते. कसून व्यायाम केल्यावर ते काही काळ वाढलेले दिसते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तेव्हा आकडा ही केवळ खूण. इजा करणारा विषाणू 'ब' आहे की 'क', हे ठरल्यावाचून उपचाराची दिशा ठरत नाही.

'क' विषाणू बहुतेक रोग्यांत साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी समूळ जातो. 'ब'चे तसे नाही. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर यांसारखे औषध त्यास दाबून ठेवते, आणि ते बहुधा वर्षानुवर्षे घ्यावे लागते. पुष्कळ रोगी फसतात ते येथेच! सहा महिन्यांत आकडा उतरतो, प्रकृती ठीक वाटते, आणि गोळ्या आपल्या मनानेच थांबविल्या जातात. दबलेला विषाणू मग उसळतो, आणि तो भडका कधी कधी प्राणांवर बेततो. उलटपक्षी, आकडा नियमित असूनही आत यकृत हळूहळू कठीण होत असू शकते. म्हणून विषाणूचे रक्तातील प्रमाण, सोनोग्राफी व यकृताच्या काठिण्याची तपासणी वैद्यांच्या सांगण्याप्रमाणे करीत राहावे.

मद्य पूर्ण वर्ज्य. 'थोडीशी चालते' हे मित्रांचे मत, यकृताचे नव्हे. काढ्यांविषयीही सावध असावे. २०२० साली मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद तेथील वैद्यांनी पुढील वर्षी प्रसिद्ध केली. वनस्पती म्हणून निरुपद्रवी, हा समज सोडावा. तापावरील पॅरासिटामॉलदेखील विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरच्यांनी रोग्याचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही. हा रोग जेवणातून पसरत नाही. वस्तरा व दात घासण्याचा ब्रश मात्र ज्याचा त्याने वापरावा. रोगी 'ब'चा असल्यास पती-पत्नी व मुले यांनी रक्त तपासून लस घ्यावी. बाधित मातेच्या अर्भकास ती जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळाली पाहिजे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून दोन्ही रोगांची औषधे शासकीय उपचार केंद्रांत विनामूल्य मिळतात. तेथे जाताना जुने सर्व कागद तारखेनुसार लावून न्यावेत.