परदेशातून सुऱ्यांची ऑर्डर आली? पाठवायच्या आधी हे वाचा

पोस्ट लांब आहे. पण आपल्या पोंभुर्णा तालुक्यात ज्यांच्या घरी भाता आणि ऐरण आहे, त्यांनी आणि त्यांच्या पोरांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

मागच्या रविवारी ओळखीच्या एका लोहाराचा पोरगा घरी आला. बाप आजही आठवडी बाजारात विळे, पावशा, कुऱ्हाडी विकतो. पोरगा भट्टीवरचे व्हिडिओ मोबाईलवर टाकतो. ते बघून इंग्लंडमधल्या कोण्या माणसानं ऑर्डर दिली. १२ सुरे, एकाचे २५०० रुपये. पातं १० इंचाचं, टोक अणकुचीदार, पाठीला करवतीसारखे दात, पात्यात तीन भोकं, मूठ चितळाच्या शिंगाची. आणि शेवटी एक सूचना : पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहा, किंमत कमी दाखवा.

“काका, तीस हजार होऊन राहिले. पाठवू का?”

बाप बाजूला गप्प उभा होता. बाजारात एक विळा विकताना दहा-वीस रुपयांसाठी किती घासाघीस होते, ते आपण सगळेच बघतो. त्या घरासाठी तीस हजार म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तरी मी म्हटलं, “नको पाठवू.” पोरगा नाराज झाला. त्याला त्या संध्याकाळी जे सांगितलं, तेच इथं लिहितो. अशी ऑर्डर उद्या आणखी कोणालाही येऊ शकते.

पहिली गोष्ट आपल्याच देशाची. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याचे नियम २०१६ चे. ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा सुरा हा ‘शस्त्र’ धरला जातो. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेलं हत्यार यातून वगळलं आहे. म्हणून आपला विळा, कोयता, पावशी बिनधास्त विकता येते. पण करवतीचे दात आणि भोकं असलेला १० इंची सुरा कोणत्या शेतीसाठी आहे, असं ठाणेदारानं विचारलं तर पोरगा काय सांगणार? आणि शस्त्र देशाबाहेर पाठवायचं तर त्याच कायद्याच्या कलम १० प्रमाणे परवाना लागतो. २०१८ मध्ये औरंगाबादेत लोकांनी ऑनलाईन मागवलेल्या तलवारी आणि सुरे पोलिसांनी जप्त केले होते. तो माल देशातल्या देशात फिरत होता. इथं तर सीमा ओलांडायची आहे.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. तिथं १८ वर्षांखालच्या मुलाला सुरी विकणं गुन्हा आहे. २४ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ठरावीक बनावटीचे मोठे सुरे आणि कोयते घरात ठेवायलाही बंदी आली. पातं ८ इंचापेक्षा जास्त, टोक अणकुचीदार, आणि सोबत करवतीचे दात, काटे किंवा एकापेक्षा जास्त भोकं, असं त्या बंदीतलं वर्णन आहे. आता पोराला आलेली ऑर्डर पुन्हा वाचा. एकेक खूण जुळते. तिथल्या दुकानात जे मिळत नाही, ते त्या माणसाला पोंभुर्ण्याहून हवं आहे. एवढ्या लांबून आपल्या गावाची आठवण त्याला का आली, हे समजायला वकील लागत नाही.

ही बंदी उगाच आलेली नाही. २०२२ मध्ये वोल्व्हरहॅम्प्टन शहरात रोनन कांडा नावाच्या १६ वर्षांच्या, भारतीय वंशाच्या मुलाचा तलवारीनं खून झाला. मारणारेही १६ वर्षांचेच होते, त्यांना त्याच्या मित्राला गाठायचं होतं. ती तलवार ऑनलाईन मागवलेली होती. त्याच्या आईनं आणि बहिणीनं लढा दिला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तसल्या ‘निन्जा’ तलवारींवर बंदी आली. ऑनलाईन सुरे विक्रीसाठी वयाची कडक तपासणी आणण्याचं जे पाऊल तिथल्या सरकारनं उचललं, त्याला त्याच मुलाचं नाव दिलं आहे. मोबाईलच्या पलीकडून जो पोराशी बोलतो, तो स्वयंपाकी आहे, संग्राहक आहे की पंधरा वर्षांचं पोर आहे, हे आपल्याला दिसत नाही.

तिसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची, आणि ती आपल्या कोयत्याला थेट लागते. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यानं १ सप्टेंबर २०२५ पासून २० सेंटिमीटरपेक्षा लांब धारेच्या कोयत्यावर बंदी घातली. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वगळल्या, शेतीच्या कामासाठी सूट ठेवली. बाकीच्यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ४७ हजार डॉलरहून जास्त दंड. म्हणजे आपल्याकडे जे शेतीचं साधं अवजार आहे, ते तिथं बंदी घातलेलं शस्त्र. हसू नका. ‘कोयता गँग’चा धुमाकूळ झाला तेव्हा २०२३ मध्ये पुण्यातही आधार कार्ड बघितल्याशिवाय कोयता विकू नका, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं.

चौथी गोष्ट मुठीची. जंगलात पडलेलं शिंग उचललं, शिकार थोडीच केली, असं आपल्याकडे सहज म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. चितळ, सांबराच्या शिंगाचा व्यापार हा त्यात गुन्हा आहे. आपण ताडोब्याच्या जिल्ह्यात राहतो, वनखात्याची नजर कशी असते हे कोणाला माहीत नाही? शिसमाच्या मुठीलाही विचार लागतो. २०१७ पासून शिसम ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. २०२२ मध्ये प्रत्येकी १० किलोपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना परवान्यातून सूट मिळाली, पण लाकूड कायदेशीर घेतल्याची पावती आपल्याजवळ असलीच पाहिजे.

पाचवी गोष्ट त्या ‘गिफ्ट’ शब्दाची. कस्टमच्या कागदावर खोटं लिहिलं तर माल जप्त होऊ शकतो आणि सीमाशुल्क कायद्यात मालाच्या किमतीच्या पाचपट दंडाची तरतूद आहे. तीस हजाराच्या मालावर दीड लाख! पैसे घेऊन माल विकला की ती निर्यात झाली. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढावा लागतो, फी फक्त ५०० रुपये. धार नीट झाकलेली नसलेलं हत्यार टपालात टाकायला तर १८९८ च्या टपाल कायद्यापासून मनाई होती. पार्सल हाताळणारा पोस्टमनही कोणाच्या घरचा माणूसच आहे.

सहावी गोष्ट पैशाची. पार्सल तिथं पकडलं गेलं की ग्राहक म्हणतो, माल मिळाला नाही, पैसे परत द्या. पेपालवर अशी तक्रार १८० दिवसांपर्यंत करता येते. म्हणजे पैसे आले, खर्चही झाले, आणि पाच महिन्यांनी खात्यातून वळते झाले. लोखंड गेलं, कोळसा गेला, मेहनत गेली, डाकखर्च गेला. नियमही रातोरात बदलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढली, तेव्हा आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली, ती ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झाली. मोठा निर्यातदार दीड-दोन महिने थांबू शकतो. उधारीवर लोखंड आणणारा लोहार कसा थांबेल?

या सगळ्या साखळीत ग्राहकाचं खरं नाव कोणाला माहीत नसतं. व्हिडिओ दाखवून कमाई करणारी कंपनी जबाबदारी घेत नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याचं म्हणून एकच खरं नाव आणि पत्ता असतो, तो आपल्या पोराचा. माझा मुद्दा एवढाच आहे. फायद्यात सगळ्यांचा वाटा, पण पकडलं गेलं की एकटा लोहार.

काही जण म्हणतील, “तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देऊन राहिले.” नाही बाप्पा. परदेशात विकूच नका, असं मी म्हणत नाही. लोखंडाच्या बाबतीत हा जिल्हा काही आजचा नाही. लोहाऱ्याच्या खाणीच्या खनिजाची कीर्ती ऐकून जमशेटजी टाटांनीही कधीकाळी चांदा जिल्ह्यात कारखान्याचा विचार केला होता. आपल्या हातच्या मालाला बाहेर मान मिळाला तर मला आनंदच आहे. फक्त माल निवडून पाठवा. भाजीची सुरी, बागेतला विळा, खुरपं, बांबूकामाची लहान अवजारं, याला मागणी आहे आणि अडचण कमी. तरीही ज्या देशात पाठवायचं, तिथला नियम आधी बघा. पात्याची लांबी आणि वापर बिलावर स्पष्ट लिहा. शेतीच्या हातअवजारांचा कोड ८२०१, सुऱ्यांचा ८२११ आणि तलवारींचा ९३०७ आहे, तिथं चूक नको. ग्राहकाच्या वयाचा पुरावा मागा. ‘गिफ्ट लिहा’ म्हणणाऱ्याला हात जोडा. आणि जमलं तर एकट्यानं पाठवण्यापेक्षा पाच-सात घरांनी मिळून, अनुभवी निर्यातदारामार्फत पाठवा.

आता प्रशासनाला विनंती. पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार आहेत. अवजारांसाठी १५ हजार, ५ टक्के व्याजानं कर्ज, विक्रीसाठी मदत, हे सगळं कागदावर आहे. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रंही आहेत. मग जिल्हा उद्योग केंद्र, टपाल खातं, पोलीस आणि वनखातं या चौघांनी मिळून पोंभुर्ण्यात एक दिवसाचं शिबिर घ्यावं. काय पाठवता येतं, काय नाही, कागद कोणते, एवढं मराठीत सांगावं आणि एका पानावर छापून द्यावं. गुन्हा दाखल झाल्यावर कायदा समजावण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

त्या पोरानं ऑर्डर नाकारली. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल बाजारात भेटला, म्हणाला, “काका, पावशीचा व्हिडिओ टाकला, पण कोणी विचारून नाही राहिलं.” मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट. तालुक्यातल्या कोणाला निर्यातीचा अनुभव असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी त्याची गाठ घालून देतो. आणि ज्यांच्या घरी भट्टी आहे, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा.